एकशे वीस लिटरची टाकी: चाकांवर राहायला गेलेल्या सोलापूरच्या एका निवृत्त जोडप्याचं प्रकरण

समोरच्या दारातले अण्णा ३१ मे २०२२ ला रेल्वेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी डबे-दुरुस्तीच्या खात्यात. मी बँकेतला, त्यांच्या दोन वर्षं आधी सुटलेला. जुळे सोलापूर या वस्तीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब माझ्याच जेवणाच्या टेबलावर झाला. पुढे जे घडलं त्यातली थोडी जबाबदारी म्हणूनच माझ्याकडे येते. नावं देत नाही. अण्णा आणि वहिनी एवढं पुरे. सोलापुरात दर तिसऱ्या घरात एक अण्णा सापडतोच.

लिहायला आधार दोन गोष्टींचा. त्यांच्या कपाटाच्या आणि टपालपेटीच्या किल्ल्या दीड वर्ष माझ्याकडे होत्या, आणि वहिनींनी गाडीत बसून लिहिलेली दोनशे पानी वही त्यांनी मला वाचायला दिली. सूर्यास्ताची वर्णनं त्यात शोधू नयेत. पाणी किती भरलं, किती उरलं, गॅस कधी बदलला, भाकऱ्या किती राहिल्या, एवढंच. मी आयुष्यभर लोकांची पासबुकं वाचली, पण इतकं खरं बोलणारी वही क्वचित पाहिली.

सुरुवात मेलबर्नला झाली. २०२२ च्या डिसेंबरात दोघं मुलीकडे गेले. जावयानं मोटरहोम भाड्यानं घेऊन ग्रेट ओशन रोडनं आठ दिवस फिरवलं. तिकडे निवृत्त माणसं वर्षातले कित्येक महिने अशा गाडीत काढतात. त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, म्हणजे केस पिकलेले भटके. अण्णांना गाडीनं वेड लावलं. डब्याखाली आडवं होऊन ज्यानं उभी नोकरी काढली त्याला डब्यात राहायची ओढ लागावी, यात नवल नाही. वहिनींची नजर मात्र दुसरीकडे होती. प्रत्येक पार्कात गाडी लावायच्या जागेपाशी विजेचा खांब, पाण्याचा नळ, आणि एका कोपऱ्यात संडासाची टाकी रिकामी करायचा ‘डंप पॉइंट’. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “भावजी, समुद्र काय आपल्याकडंपण हाय. तिथल्या नळाला कवापण पाणी यायचं, ते सांगा.”

अण्णांचा बेत असा: फ्लॅट विकायचा, गाडी घ्यायची, बाराही महिने तीच घर. एप्रिल २०२३ मध्ये तो आकड्यांच्या रूपात माझ्यापुढे आला. फ्लॅटला ४२ लाख येत होते. भाड्यानं दिला तर महिना साडेनऊ हजार. नेमकी त्याच महिन्यात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली होती आणि व्याज ८.२ टक्के. तीस लाख टाकले तर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याचे साडेवीस हजार. भाड्याच्या दुपटीहून जास्त. वर बारा लाख उरतात, त्यात गाडी. व्याजावर कर लागेल हे धरूनही गणित एका बाजूला झुकत होतं. मी म्हणालो, विकाच. नोकरीत कर्जदाराला सुद्धा मी इतक्या ठामपणे सल्ला दिला नसेल.

वहिनी चहा ठेवून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “विकायचं नाही. भाड्यानं द्या. आन कारण इचारू नका.” मी ते बायकी हट्टाच्या खात्यात टाकलं. पेन्शन हातात साधारण ४१ हजार येत होतं, त्यामुळे नाही विकलं तरी चालणार होतं, म्हणून वाद पुढे गेला नाही.

गाडी

नवी तयार कॅराव्हॅन त्यांच्या बजेटबाहेर होती. अण्णांनी २०१७ सालची वापरलेली फोर्स ट्रॅव्हलर घेतली, सहलीच्या धंद्यातली, पिवळ्या पाटीची. ७ लाख ४० हजार. आतून घर करून घ्यायला ६ लाख ८० हजार. कागदपत्रांचं वेगळं.

हे कागदपत्र प्रकरण कुणी मनावर घेत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन कायद्यानं बिगर-परिवहन वाहनात मोडते, म्हणजे पांढरी पाटी. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जे लिहिलंय त्यापासून गाडी बदलायची तर आधी परवानगी हवी. मोटार कॅराव्हॅन कशी बांधावी याचं एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. काही लोक सीटा काढून बेड टाकतात आणि नोंदणी तशीच ठेवून फिरतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. अण्णा रेल्वेतले, शिक्का नसलेल्या डब्यात ते चढले नसते. आधीच्या प्रवासी धंद्याचा परवाना रद्द, कराचा फरक, बदलाची मंजुरी, नवी तपासणी, सगळं मिळून सात महिने गेले. एमएच १३ ची पांढरी पाटी लागली त्या दिवशी त्यांनी जिन्यातल्या सगळ्यांना पेढे दिले.

चालवण्याच्या परवान्याची अडचण नव्हती. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. फक्त वयाच्या पंचावन्नीनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. निवृत्तीनंतर भटकायला निघणाऱ्यानं तेवढी तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आणि मग संडास.

गाडी बांधणाऱ्यानं आपल्या नकाशात स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून संडास बसवला होता. परदेशी गाड्यांत तसंच असतं, पाइप कमी लागतात. वहिनी कारखान्यात गेल्या, दार उघडलं, बंद केलं, आणि रिक्षा करून घरी आल्या. पंधरा दिवस काम बंद. घर लिंगायत, इष्टलिंग गळ्यात, त्यामुळे देवघराला जागा हवी असा प्रश्न नव्हता, पूजा तळहातावर होते. पण जिथं भाकरी थापायची तिथून दोन वितीवर संडासाची टाकी ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसेना. अण्णा समजूत घालायला गेले की टाकी बंद असते, वास येत नाही. “वासाचं कोण बोलतंय?” एवढंच उत्तर.

शेवटी संडास गाडीच्या मागच्या टोकाला गेला आणि त्याचं दार बाहेरून उघडेल असं केलं. आतून जाता येत नाही. रात्री उठायचं तर चप्पल घालून गाडीला वळसा घालायचा. जुन्या वाड्यात असायचा तसा, परसात. पावसात त्रास होतो, थंडीत होतो, आणि सत्तरीनंतर हे चालणार नाही हे मी त्यांना सांगितलंय. त्या म्हणतात, सत्तरीचं सत्तरीत बघू.

दुसरा बदल त्यांनीच पकडला. गॅस ठेवायच्या कप्प्याला हवेची जाळी वरच्या बाजूला होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो; जाळी तळाला पाहिजे. हे शाळेत शिकवतात, पण गाडी बांधणाऱ्याला ठाऊक नव्हतं. सिलिंडर पाच किलोचा घेतला. तो पेट्रोलपंपावरही मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. बिनपत्त्याच्या माणसाला ही सोय मोठी.

पाणी

निघण्याआधी चाळीस दिवस गाडी सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या बाजूला, वहिनींच्या भावाच्या शेतात उभी केली. सराव म्हणून. वहीचं पहिलं पान तिथलं.

टाकी १२० लिटरची, शिवाय वीस-वीस लिटरचे दोन कॅन. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ६२ लिटर लागलं. म्हणजे टाकी दोन दिवसांत कोरडी. अण्णा वैतागले, मोठी टाकी बसवू म्हणाले. पण पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी म्हणजे गाडीत एक जाडजूड माणूस कायमचा वाढवणं, तेही मागच्या चाकावर.

तिसऱ्या आठवड्यात वहीत आकडा ३४ वर आलेला दिसतो आणि मग दीड वर्ष तो तिथंच घुटमळतो. दोन माणसं, चौतीस लिटर. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखतात. मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून निघालेलं पाणी आमच्या टाकीत पडेपर्यंत बाईमाणसानं किती रात्री जागून काढल्या याची कुणी नोंद ठेवलेली नाही. पाणी सुटलं की सिंटेक्स, पिंप, घागरी, पातेली, शेवटी चहाचं भांडं सुद्धा भरायचं आणि पुढचे दिवस वाटून खायचं. कोणतं पाणी कशाला आणि एका पाण्याचा दुसरा उपयोग काय, हे इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. ताट घासायच्या आधी भाकरीच्या तुकड्यानं निपटून घ्यायचं. आंघोळ एका बादलीत, तीही पाऊण.

माझं मत विचाराल तर कॅराव्हॅनमध्ये राहायची तयारी पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोलापूरकराची जास्त आहे. आमची घरं आधीपासूनच टाकीवर चालतात, फक्त चाकं नाहीत.

खाण्याचंही तसंच. छतावर दोनशे वॅटचे दोन पॅनेल, खाली २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी. भरली की अडीच युनिट वीज. पन्नास लिटरचा लहान फ्रीज दिवसाला सुमारे अर्धं युनिट खातो, पंखे-दिवे-मोबाईल मिळून अजून तेवढंच. फ्रीजशिवाय टिकणारं अन्न म्हणून बाहेरची मंडळी डब्याबंद वस्तू घेतात. वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे राहते, चुलीची गरज नाही, पाण्याची नाही. घाटात अडकलात तरी मोडून खाता येते. वहीत महिन्याला शंभर-सव्वाशे भाकऱ्यांचा हिशेब आहे.

रस्ता

सोलापूरच्या सिद्धेश्वराची २०२४ ची गड्ड्याची यात्रा पाहून, नंदीध्वजांना हात जोडून, २० जानेवारीला दोघं निघाले. फ्लॅट १५ जानेवारीपासून भाड्यानं गेला होता. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्रात तो कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावा लागतो, ऑनलाइन होतो.

कोकणातले दोन महिने छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सुख लिहायला मला कधी जमलं नाही. आंबा घाटानं उतरून गणपतीपुळे, गुहागर. रात्री कुणाच्या तरी आमराईत, देवळाच्या आवारात, भक्तनिवासाच्या मोकळ्या जागेत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण अशी गाडी लावायला नळ, वीज आणि मैला सोडायची सोय असलेली जागा अण्णांना त्यांच्या वाटेवर एकही भेटली नाही. भेटली ती माणसं. पाच ठिकाणी जागेचे पैसे कुणी घेतले नाहीत. सात ठिकाणी विचारलं गेलं, “पोरांनी घरातून काढलं का हो?” गुहागरजवळ एका आजींनी खात्री पटेना म्हणून वहिनींना बाजूला घेऊन पुन्हा विचारलं आणि निघताना आमसुलं बांधून दिली. दोन गावांत लोक रांग लावून उभे राहिले; त्यांना फिरता दवाखाना वाटला होता. निवडणूक जवळ आल्यावर भरारी पथकानं गाडी थांबवून सगळे कप्पे उघडायला लावले. पिठाच्या डब्यात हात घालणाऱ्या अधिकाऱ्याला वहिनींनी आधी हात धुवायला लावले आणि त्याला लागलेलं अर्धा लिटर पाणी वहीत मांडलं.

लोकसभेचं सोलापूरचं मतदान ७ मे २०२४ ला होतं. त्यासाठी पाचगणीची हवा सोडून दोघं खाली उतरले. मला वाटतं त्या चार दिवसांत अण्णांच्या डोक्यातलं ‘बारा महिने’ हे शब्द वितळले. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याची गाडी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी. रात्री नऊला आत ३८. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. अडीच युनिटांच्या बॅटरीवर दोन तास चालेल, मग रात्र कशावर? सोलापूरची हवा कोरडी, म्हणून कूलर चांगला चालतो, अण्णांनी छोटा कूलर लावला. तो दिवसाला ३५ लिटर पाणी प्याला. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: “कूलरला आमच्या दोघांपेक्षा जास्त.”

मी म्हणालो, वर या, हॉलमध्ये झोपा. अण्णा आले नाहीत. स्वतःच्या भाडेकरूच्या दारासमोरून पाहुण्यासारखं माझ्याकडे येणं त्यांना जड गेलं असावं. त्यातच सोसायटीत कुणीतरी तक्रार केली की पार्किंग मोटारीसाठी आहे, राहण्यासाठी नाही, आणि इमारतीचं पाणी गाडीत भरलं जातंय. तक्रार चुकीची म्हणता येणार नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या इमारतीत शंभर लिटर हा भांडणाचा विषय होणारच.

कुडलसंगम

पावसाळा त्यांनी बराचसा मंद्रूपच्या शेतात काढला आणि दसऱ्यानंतर कर्नाटकात गेले. विजापूर, बदामी, ऐहोळे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बदामीतून मोबाईलवर चेहरा दाखवून दिला. ‘जीवन प्रमाण’ची ही सोय नसती तर फिरत्या पेन्शनरला दर नोव्हेंबरात घर गाठावं लागलं असतं. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाला आले, जाता जाता भाडेकराराचं अकरा महिन्यांसाठी नूतनीकरण केलं. मीच साक्षीदार.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते कुडलसंगमला होते, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर, बसवेश्वरांच्या ऐक्यस्थळी. गंमत अशी की वहिनींच्या भावाच्या शेतापासून थोड्या अंतरावर, भीमा-सीनेच्या संगमावर आपलं हत्तरसंग कुडल आहे, तिथलं संगमेश्वराचं देऊळ आणि शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला लांबून माणसं येतात. एका कुडलहून दुसऱ्या कुडलला, असं अण्णा फोनवर म्हणाले होते.

पहाटे दोनला त्यांच्या कुशीत कळ उठली. मूतखडा. पुढच्या चार तासांचं वर्णन वहीत नाही, ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. अण्णा गाडीच्या बेडवर गुडघे पोटाशी घेऊन. गाडी जागेवर, डिझेल पाऊण टाकी, चावी खुंटीला, आणि चालवू शकणारा एकुलता एक माणूस आडवा. वहिनींनी आयुष्यात स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता. रेल्वेच्या पेन्शनरला देशातल्या कुठल्याही रेल्वे रुग्णालयात उपचार मिळतात, कार्ड त्यांच्या पाकिटात होतं. पण मोठी रुग्णालयं सोलापूरला आणि हुबळीला. खडा मात्र संगमावर.

घरात त्या अण्णांशी कन्नड बोलतात, बाहेर मराठी. त्या रात्री ती भाषा कामाला आली. दासोहाच्या, म्हणजे अन्नछत्राच्या, स्वयंपाकघरात पहाटेची चूल पेटवणाऱ्या बाईला त्यांनी उठवलं, तिनं आपल्या पुतण्याला. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारा पोरगा, परवाना खिशात. “परवाना दाखव,” असं वहिनींनी त्याला आधी विचारलं म्हणे, नवरा कण्हत असताना. विना-परवाना चालकाच्या हाती गाडी दिली तर विमा गेला, हे अण्णांनी सात महिने कागदांच्या मागे फिरताना इतकेदा घोकलं होतं की ते त्यांच्याही डोक्यात बसलेलं. पोरानं गाडी विजापूरला आणली. खासगी रुग्णालयात तीन दिवस, दुर्बिणीतून खडा काढला, आत स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी. पैसे घेतले का त्यानं, विचारलं तर वहिनी म्हणतात डिझेलचेही नाही. कडक भाकऱ्यांची एक चळत घेऊन गेला.

सोलापूरला आणल्यावर खरी अडचण दिसली. डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस आराम, भरपूर पाणी. स्टेंट आत असलेल्या माणसाला लघवीला सारखं जावं लागतं. आणि गाडीतला संडास बाहेरून, तीन पायऱ्या उतरून, वळसा घालून. स्वतःचा फ्लॅट पंधरा पायऱ्यांवर होता आणि त्यात दुसरं कुटुंब शिजवत-जेवत होतं, नुकत्याच केलेल्या कराराच्या हक्कानं. या वेळी अण्णा माझ्या हॉलमध्ये झोपले. चौदा रात्री.

त्यातल्या एका रात्री मी वहिनींना विचारलं, तेव्हा घर विकू नका म्हणालात, कारण हेच होतं का? त्या म्हणाल्या, “मला खडा कुठं म्हाईत होता. आजारी पडल्यावर पाय धुवायला आपली मोरी पायजे, एवढंच.” म्हणजे त्यांचं म्हणणं घराबद्दल नव्हतंच. मी बेचाळीस लाखांचा हिशेब मांडत बसलो आणि त्या एका मोरीचा. विकलं असतं तर मोरी गेली असती हे खरं. पण भाड्यानं देऊनही ती नव्हतीच, हेही तितकंच खरं. म्हणून दोघांपैकी बरोबर कुणीच नव्हतं.

खुंटा

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंद्रूपच्या शेतात बांधकाम निघालं. भावाच्या विहिरीपासून थोडं वर, दहा बाय बाराची पत्र्याची खोली, वर उसाच्या पाचटाचा जाड थर. लागून मोरी आणि संडास, आतून दार असलेला. खालच्या बाजूला शोषखड्ड्यासह सेप्टिक टँक. बाहेर खांबावर पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि एक नळ. आणि नळाखाली, सिमेंटचं झाकण असलेला चौकोनी चेंबर, गाडीचा मागचा भाग नेमका त्यावर येईल अशा मापानं. मेलबर्नला पाहिलेला डंप पॉइंट. गवंड्याला त्यांनी तो काडीनं मातीत काढून दाखवला. सगळं मिळून २ लाख ३० हजार. भाऊ त्याला ‘ताईचा खुंटा’ म्हणतो.

गुराला खुंटा लागतो तो त्यानं जागचं हलू नये म्हणून. इथे उलट झालं आहे. खुंटा झाल्यापासून अण्णा जास्त लांब जातात, कारण परतायची जागा कुणाच्या कराराला बांधलेली नाही. फ्लॅटचं भाडं चालू आहे. ते साडेनऊ हजार आणि पेन्शन मिळून महिन्याला पन्नास हजार येतात. चालत्या महिन्याचा खर्च सरासरी एकोणतीस हजार: हजारेक किलोमीटरचं डिझेल दहा हजार, टोल अकराशे (काही नाक्यांवर मिनीबसचा दर लागतो, त्यावर अण्णांची भांडणं वेगळी), जागा आणि देणगी मिळून बावीसशे, जेवणखाण नऊ हजार, बाकी दुरुस्तीसाठी बाजूला. उभ्या महिन्याचा खर्च याच्या निम्मा.

त्याच फेब्रुवारीत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, वहिनींनी शिकाऊ परवाना काढला. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर महिनाभर, मग ट्रॅव्हलर, रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर. सोसायटीतल्या एका गृहस्थानं गॅलरीतून विचारलं, “वहिनी, ह्ये काय करलालाव?” त्यांनी हॉर्न वाजवला. मार्चअखेर पक्का परवाना मिळाला. पन्नासच्या वर वेग नेत नाहीत, रिव्हर्स घेताना अण्णांना खाली उतरवतात. पण रात्री दोनला गाडी रुग्णालयापर्यंत नेता येते, तेवढं पुरे.

हे प्रकरण वाचून कुणी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर मला विचारावेसे वाटतील असे प्रश्न थोडेच आहेत. दोघांनाही गाडी चालवता येते का? अंगात ताप असताना जायला आतून दार असलेला संडास कुठे आहे, आणि तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात तर नाही? एप्रिल-मे कुठे काढणार? आणि घरात पाण्याचा हिशेब कोण ठेवतं? शेवटच्याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर गाडी बघायला जाण्याआधी महिनाभर घरातल्याच टाकीवर, दिवसाला चाळीस लिटरांत राहून पाहावं. फुकट होतं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नोंदणी तिथली करावी लागते, हेही ध्यानात असू द्यावं. अण्णांना लडाखची स्वप्नं पडतात, म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मला अजून सलते, तिचा या हिशेबाशी संबंध नाही. मंद्रूपच्या रस्त्याला ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्यांच्या रांगा लागतात. त्या गाडीवर चूल, लेकरू, कोंबडी, पाण्याची घागर, अख्खा संसार असतो. सहा महिने चाकांवर. त्यांना कुणी ‘जीवनशैली’ विचारायला येत नाही. वहिनी त्यांना नळ उघडून देतात आणि किती भरलं ते वहीत मांडतात, वेगळ्या रकान्यात.

परवा, १२ ऑगस्टला, दोघं पुन्हा निघाले. किल्ली द्यायला वर आले तेव्हा वही टेबलावर होती. त्या दिवसाची नोंद मी वाचली: “टाकी १२०, कॅन दोन्ही भरलेले. संडास रिकामा, धुतला. गॅस नवा. डिझेल अर्धं, टेंभुर्णीला भरणे. भाकऱ्या साठ. पहिले चाळीस किलोमीटर मी.”